जळगावात स्वतंत्र आयटी सल्लागार म्हणून ग्राहक कसे मिळवावेत?

गिरणाकाठ (जळगाव) यांचा प्रश्न

नमस्कार. मी मूळचा पाचोरा तालुक्यातला. शिक्षणानंतर पुण्यात राहून बरीच वर्षे कारखान्यांमध्ये ईआरपी प्रणाली (सर्व विभागांचे व्यवहार एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर) बसविण्याचे काम केले. खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशोब हे विभाग एकमेकांना जोडणे, जुनी माहिती नव्या प्रणालीत आणणे आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना ती वापरायला शिकवणे, हे माझे रोजचे काम होते. आई-वडिलांच्या वयाचा विचार करून आता मी जळगावला कायमचा आलो आहे. सध्या जुन्या कंपनीचेच काम करारावर घरून करतो. परंतु तो करार मार्चअखेर संपतो आणि त्यानंतर इथल्याच उद्योगांसाठी स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्या भागात कामाची वानवा नाही. जळगावच्या एमआयडीसीत चटई, पाइप आणि डाळ मिल आहेत, रावेर-यावलकडे केळीचा मोठा व्यापार आहे, धरणगाव-जामनेर-बोदवडकडे जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढणारे कारखाने) आहेत, शिरपूरला कापड उद्योग आहे. ओळखीपाळखीतून यांपैकी काही उद्योजकांना भेटलो. सर्वांनी आदराने बसवून घेतले, चहा झाला, गप्पा झाल्या. परंतु शेवटी प्रत्येकाने या ना त्या शब्दांत एकच विचारले, की तुम्ही नेमके विकता काय? एकाने संकेतस्थळाचा दर विचारला, दुसऱ्याने कॅमेरे बसवून द्याल का असे विचारले, तिसऱ्याने बंद पडलेला प्रिंटर दाखवला. माझ्याकडे विकायला वस्तू नाही. मी त्यांचे काम पाहून कुठे वेळ आणि पैसा वाया जातो ते सांगू शकतो आणि ते सुधारूनही देऊ शकतो, पण याचे पैसे मागायचे कसे आणि पहिला ग्राहक मिळवायचा कुठून, हे समजत नाही.

ज्यांनी खान्देशात राहून हे काम केले आहे, किंवा ज्यांनी असे काम कोणाकडून करून घेतले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तापीकाठ (भुसावळ) यांचे उत्तर

समोरचा माणूस 'तुम्ही काय विकता' असे विचारतो तेव्हा त्याला सल्ल्याचे मोल नाही, असा अर्थ काढू नका. हाच माणूस वकिलाला, सीएला आणि घर बांधताना आर्किटेक्टला सल्ल्याचेच पैसे देतो. मात्र वकिलाकडे जाताना त्याच्या हातात नोटीस असते आणि सीएकडे जाताना विवरणपत्राची तारीख डोक्यावर असते. आपल्याकडे येण्याचे कारण त्याला रोज त्रास देत असले, तरी ते त्याला शब्दांत मांडता येत नाही. ते मांडून देणे हे आपले पहिले काम आहे, आणि त्यासाठी सर्व उद्योगांच्या दारात एकाच वेळी न जाता एकच धंदा निवडून तो आतून शिकावा लागतो.

मी जिनिंग निवडले, म्हणून त्याचेच उदाहरण देतो. हंगामात एखाद्या जिनिंगच्या काट्यावर परवानगी घेऊन दिवसभर बसा. कापसाने भरलेली पिकअप काट्यावर येते, भरलेले वजन होते, माल खाली झाल्यावर रिकामे वजन होते, ओलाव्याची कपात लागते आणि निव्वळ वजन ठरते. हे आकडे पावतीवर छापले जातात. तेच आकडे काट्यावरचा मुलगा वहीत उतरवतो. दुपारी पावत्यांचा गठ्ठा ऑफिसात जातो आणि टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर बसणारा तेच आकडे तिसऱ्यांदा टाकतो. मग १४८० चे १८४० कुठे झाले हे शोधत दिवाणजी रात्री उशिरापर्यंत वह्या चाळत बसतात, आणि ज्याचा माल आहे तो शेतकरी बाहेर बाकावर पैशांची वाट पाहत असतो. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा जीएसटी १५ नोव्हेंबर २०१७ पासून उलट आकारणीने, म्हणजे खरेदी करणाऱ्या जिनरनेच, भरायचा असतो. त्यामुळे पावतीतली चूक त्याच दिवशी न सापडल्यास ती कराच्या हिशोबापर्यंत पोहोचते.

काट्याच्या इंडिकेटरला, म्हणजे वजन दाखवणाऱ्या पेटीला, बहुधा मागे सीरियल पोर्ट (संगणकाची तार जोडण्याची जागा) असतो आणि त्यातून वजन मजकुराच्या रूपात बाहेर घेता येते. ते संगणकात साठवणे, त्यावरून पावती काढणे आणि खरेदीची नोंद एक्सएमएलने (एका सॉफ्टवेअरची माहिती दुसऱ्याला वाचता येईल अशा मांडणीने) टॅलीत आणणे, हे आपल्या अनुभवाच्या माणसाला अवघड नाही. शेठजींपुढे मात्र यातला एकही शब्द काढू नका. 'वजन एकदाच लिहिले जाईल आणि संध्याकाळी काट्याचा व टॅलीचा आकडा एकच निघेल,' एवढेच सांगा. एका जिनरला हे पटले आणि ते खरे ठरले, तर पुढच्या जिनरकडे आपली ओळख आपल्याआधी पोहोचते. कारण हे सर्वजण त्याच दलालांमार्फत गाठी विकतात, रोज सकाळी एकमेकांना रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) आणि सरकीचा भाव विचारतात आणि एकमेकांच्या घरच्या लग्नांना जातात. पुण्यात जे काम जाहिरात करते ते इथे ही ओळख करते, आणि ती एका धंद्याच्या आतच वेगाने फिरते. जिनरने केलेली शिफारस चटईवाल्याला फारशी उपयोगी वाटत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि बाहेरून येणारे लोक नेमके इथेच चुकतात. दसऱ्यापासून पुढचे काही महिने जिनर आपल्याशी बोलायला मोकळा नसतो, बोलला तरी त्याचे लक्ष आवकेकडे असते. हंगाम सुरू असताना काट्यावर नवे काही बसवू देणे त्याला परवडणारे नाही. म्हणून हंगामात केवळ पाहावे, टिपणे काढावीत, दिवाणजींशी ओळख वाढवावी, आणि प्रस्ताव आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) न्यावा. आखाजी ते पोळा हा काम करण्याचा काळ. तेव्हा यंत्रे दुरुस्तीला उघडलेली असतात, मालक ऑफिसात निवांत सापडतो आणि गेल्या हंगामातला त्रास त्याच्या आठवणीत ताजा असतो. आपला करार मार्चअखेर संपतो म्हणजे वेळ चांगली जुळून आली आहे. डाळ मिलचे वेळापत्रक वेगळे, केळीचे आणखी वेगळे. केळीची तोड तर कमी-अधिक प्रमाणात वर्षभर चालू असते. जो धंदा निवडाल त्याचे वर्ष आधी कागदावर लिहून काढा.

पहिले काम लहान असावे, परंतु फुकट असू नये. मी नव्या ग्राहकाला बहुतेक वेळा बॅकअपच्या तपासणीपासून सुरुवात सुचवतो. 'बॅकअप घेता का' या प्रश्नाला सर्वजण होकार देतात. तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून आजची खतावणी उघडून दाखवा म्हटले, की ऑफिसात शांतता पसरते. पेन ड्राइव्ह सर्व्हरलाच लावलेला असतो, किंवा बॅकअपची शेवटची तारीख फार जुनी निघते. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक इमारतीबाहेर, हा जुना नियम आहे. तो मालकाच्या समोर, त्याच्याच माहितीवर पूर्ण करून दाखवणे हे एका दिवसाचे काम आहे. त्याचे ठरलेले शुल्क घ्यावे आणि शेवटी तीन-चार पानांचा अहवाल साध्या मराठीत द्यावा. काय पाहिले, काय धोक्यात आहे, कोणते काम आधी करावे, त्याला अंदाजे किती खर्च येईल आणि कोणते काम करण्याची आज गरज नाही, हे त्यात असावे. यातला शेवटचा मुद्दा विश्वास मिळवून देतो. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि अशा यंत्रांवर हिशोब ठेवणारी ऑफिसे आजही पुष्कळ आहेत. कोणते यंत्र बदलावे लागेल आणि कोणते नव्या विंडोजवर चालेल, याची प्रामाणिक यादी करून देणे हेसुद्धा चांगले पहिले काम आहे.

वस्तू विकू नका, एवढे आग्रहाने सांगतो. संगणक, कॅमेरे, प्रिंटर यांसाठी जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या किंवा आपल्या गावातल्या दुकानदाराचे नाव सुचवा आणि त्या शिफारशीचे पैसे घेऊ नका. त्या दुकानदाराला आणि टॅलीची विक्री-सेवा करणाऱ्यांना प्रतिस्पर्धी समजू नये. त्यांच्याकडे रोज अशा तक्रारी येतात ज्या त्यांच्या कामात बसत नाहीत, आणि त्या तक्रारी आपल्याकडे पाठवायला त्यांना अडचण नसते, जोवर आपण त्यांची विक्री हिरावत नाही.

लिंक्डइनवर पान असू द्यावे, कारण पुण्या-मुंबईची मंडळी तिथे पडताळणी करतात. इथला मालक तिथे आपल्याला शोधणार नाही.

हिशोबनीस (धुळे) यांचे उत्तर

मी धुळ्यात सीए म्हणून व्यवसाय करतो. तापीकाठ यांनी ओळखीविषयी लिहिले ते योग्यच आहे, परंतु या भागात उद्योजकाच्या कानाशी सर्वांत जवळ त्याचा सीए आणि त्याचा हिशोबनीस असतो, हे त्यात जोडले पाहिजे. संगणकाशी संबंधित कोणताही मोठा खर्च करण्याआधी तो आम्हाला विचारतोच. त्यामुळे आम्हाला भेटणे उपयोगी आहे. कसे भेटावे याबद्दल दोन शब्द लिहितो.

अनेक नवे सल्लागार आल्याआल्या कामामागे टक्केवारी देऊ करतात. कृपया तसे करू नका. सनदी लेखापाल (सीए) कायदा, १९४९ च्या पहिल्या अनुसूचीनुसार, जो आमच्या संस्थेचा सदस्य नाही त्याच्या व्यावसायिक कामाच्या नफ्यात वाटा घेणे हे आमच्यासाठी गैरवर्तन ठरते. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याने टक्केवारी देऊ केली त्याचे नाव मी माझ्या ग्राहकाला निर्धास्तपणे सुचवू शकत नाही. त्यापेक्षा आमची एखादी खरी अडचण सोडवा. वीस ग्राहकांची माहिती वीस वेगवेगळ्या एक्सेलच्या साच्यांत महिन्याच्या दहा तारखेला आमच्याकडे येऊन पडते आणि माझ्या ऑफिसातली मुले ती जुळवत बसतात. हे काम सोपे करून देणाऱ्या माणसाचे नाव माझ्या तोंडी आपोआप येते.

कायद्याने घालून दिलेल्या तारखांमधूनही काम निर्माण होते, आणि ते आधी ओळखणाऱ्याला मिळते. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि त्यावरील उलाढालीच्या व्यवसायांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर नोंदवावे लागते. उशीर झाल्यास पोर्टल ते स्वीकारत नाही. कंपनी म्हणून नोंदलेल्या उद्योगांना १ एप्रिल २०२३ पासून असेच हिशोबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते ज्यात प्रत्येक फेरफाराची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. स्वतः लिहून घेतलेले जुने सॉफ्टवेअर वापरणारे कारखाने आमच्याकडे अजून आहेत, आणि या प्रत्येक तरतुदीच्या वेळी त्यांची धांदल उडते. ५ कोटींच्या जवळ पोहोचलेल्या उद्योगाला आपण आदल्या वर्षीच तयार केले, तर त्याला शेवटच्या आठवड्यात धावाधाव करावी लागणार नाही.

आता आपल्या स्वतःच्या हिशोबाकडे वळतो. सेवा देणाऱ्याला आपल्या राज्यात वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. त्यापुढे १८ टक्के जीएसटी लावावा लागेल. आपला ग्राहक नोंदणीकृत असेल, तर सामान्यतः त्याला या कराची वजावट मिळते, म्हणून नोंदणीला घाबरण्याचे कारण नाही. आयकरात १९६१ च्या कायद्यातील कलम ४४एडीए प्रमाणे उत्पन्न दाखवण्याची सोय माहिती तंत्रज्ञान व्यावसायिकांनाही आहे. एकूण जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंत, जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न मानली जाते आणि तपशीलवार हिशोबवह्यांतून सुटका होते. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, तेवढे आपल्या सीएकडून समजून घ्यावे. व्यवसाय कराची स्वतःची नोंदणी करून वर्षाचे २,५०० रुपये भरायला विसरू नका.

एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात करा: उद्यम नोंदणी. ती ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. सेवा देणाराही यात येतो. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, या मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येते. मार्चमध्ये आम्हीच ग्राहकांना अशा थकबाकीची यादी मागतो. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असेल, तर आपले बिल त्या यादीत वर येते. व्याजाची नोटीस पाठवण्याची वेळ सहसा येत नाही.

दाणाबाजार (जळगाव) यांचे उत्तर

मी पैसे देणाऱ्या बाजूचा माणूस आहे. आमची डाळ मिल आहे आणि वडिलांपासून हा धंदा चालतो, त्यामुळे आम्ही आयटीवाल्यांना का बिचकतो, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका संस्थेकडून आम्ही मिलसाठी सॉफ्टवेअर लिहून घेतले. पहिले वर्ष चांगले गेले. पुढे वार्षिक देखभालीचे पैसे दुप्पट मागितले गेले. आम्ही बोलणी करू लागलो तेव्हा लक्षात आले की सर्व पासवर्ड त्यांच्याकडे आहेत, सर्व्हर त्यांच्या नावावर आहे आणि आमचीच माहिती आम्हाला काढून घेता येत नाही. दोन हंगामांची खरेदी आम्ही पावत्यांवरून पुन्हा हाताने भरली. आमच्या ओळखीत असे अनुभव आणखी काहींना आले आहेत. त्यामुळे नवा माणूस कितीही हुशार असला, तरी त्याच्या ताब्यात काही देताना मन कचरते.

त्यानंतर ज्यांना काम दिले, त्यांनी पहिल्याच भेटीत एक कागद पुढे ठेवला. माहिती मालकाची, पासवर्ड मालकाकडे बंद पाकिटात, सर्व्हर व डोमेन मालकाच्या नावावर, आणि काम थांबवायचे झाल्यास सर्व माहिती एक्सेलमध्ये काढून देण्याची जबाबदारी सल्लागाराची. आम्ही मागण्याआधी त्यांनी हे लिहून आणले होते, आणि माझ्या वडिलांनी त्याच दिवशी होकार दिला.

दुसरी गोष्ट अशी, की त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न संगणकाविषयी नव्हता. तुरीच्या एका लॉटचा उतारा (म्हणजे त्यातून निघणारी डाळ) किती बसतो आणि तो तुम्हाला कधी कळतो, असे त्यांनी विचारले. उतारा आम्हाला महिनाअखेरीस, सर्व माल एकत्र धरून कळत असे. कोणत्या व्यापाऱ्याची तूर चांगली होती, कुठल्या लॉटमध्ये चुणी आणि भुसा जास्त निघाला, हे समजेपर्यंत त्या व्यापाऱ्याला आम्ही पुढची ऑर्डर दिलेली असे. आता लॉटनिहाय उतारा दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलवर येतो आणि मी भाव बोलताना तो समोर ठेवतो. यासाठी त्यांनी फार मोठे काही बनवले नाही. मिलमध्ये लॉटला क्रमांक देण्याची शिस्त लावली, बारदानावर तो क्रमांक लिहायला लावला आणि हमाल-मुकादमाला स्वतः उभे राहून समजावले. याचे शुल्क आम्ही आनंदाने दिले आणि आजही देतो.

शहादेकर यांचे उत्तर

वरील सर्व उत्तरांचा आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो. पहिल्या वर्षी पूर्णपणे खान्देशातल्या ग्राहकांवर अवलंबून राहू नका. इथे विश्वास जमायला एक-दोन हंगाम जातात आणि तोवर घर चालले पाहिजे. मी शहाद्यातून काम करतो. माझे निम्मे उत्पन्न बाहेरचे आहे आणि त्याच्याच बळावर मी इथले काम घाई न करता, भाव न पाडता निवडू शकतो.

बाहेरचे काम अनोळखी संकेतस्थळांवर बोली लावण्याआधी आपल्या जुन्या सहकाऱ्यांकडे शोधा. आपल्याबरोबर काम केलेले लोक आज वेगवेगळ्या कंपन्यांत निर्णय घेण्याच्या जागी असतील. त्यांना नोकरी मागितल्यासारखे न लिहिता, 'साठ्याची जुनी माहिती नव्या प्रणालीत आणण्याचे काम एप्रिलपासून स्वतंत्रपणे घेतो आहे' असे नेमके कळवा. त्याआधी जुन्या कंपनीशी झालेला करार नीट वाचा. तिच्या ग्राहकांशी ठरावीक काळ थेट काम करू नये अशी अट त्यात असू शकते. नाशिक आणि पुण्यातल्या मध्यम आकाराच्या ईआरपी संस्थांनाही धुळे, जळगाव, नंदुरबारकडचे काम आल्यास इथला माणूस हवा असतो. त्यांच्यासाठी पोटकंत्राटाने केलेले एखादे काम आपल्याला इथल्या कारखान्याच्या आत नेते.

परदेशी ग्राहक मिळाला तर जीएसटी नोंदणी असलेल्याला एलयूटी (जीएसटी विभागाला द्यायचे हमीपत्र) भरून कर न लावता सेवेची निर्यात करता येते. बँकेकडून परकीय रक्कम आल्याचा दाखला प्रत्येक वेळी जपून ठेवा. आणि इंटरनेटच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या व इन्व्हर्टर हा खर्च धरूनच चाला, विशेषतः उन्हाळ्यात.

गिरणाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जिनिंगमध्ये माझा मामेभाऊ दिवाणजी आहे, त्यामुळे तिथून सुरुवात करण्याचे ठरवतो आहे. शुल्काबाबत मात्र अजून संभ्रम आहे. पुण्याच्या पगाराकडे पाहून दिवसाचा दर ठरवला तर तो इथे मोठा वाटतो, आणि कमी सांगितला तर पुढे वाढवता येत नाही. तापीकाठ, आपण हे कसे ठरवता?

तापीकाठ

दर स्वतःसाठी काढा आणि ग्राहकाला कामाची एकूण रक्कम सांगा. समजा, घरखर्च आणि बचत मिळून वर्षाला ९ लाख हवेत आणि प्रवास, विमा, यंत्रे, सीएची फी असा खर्च ३ लाख धरला, तर १२ लाख झाले. वर्षात कामाचे दिवस सुमारे २४० धरले, तरी स्वतंत्र माणसाचे निम्मे दिवस भेटी, प्रस्ताव, शिकणे आणि वसुली यांत जातात. राहिले १२०. म्हणजे दिवसाला १० हजार पडले पाहिजेत. हा आकडा आपल्या वहीत राहू द्या. बॅकअपच्या तपासणीला अहवालासह दोन दिवस लागत असतील तर २० हजार सांगा आणि त्यात काय मिळेल ते लिहून द्या. मालक त्या रकमेची तुलना आपल्या पगाराशी करत नाही, एका हंगामाची माहिती गेली तर होणाऱ्या नुकसानीशी करतो.

काट्यासारख्या मोठ्या कामात मी सुरुवातीला चाळीस टक्के घेतो, काट्यावर चाचणी यशस्वी झाली की चाळीस, आणि पहिल्या महिन्याचा ताळा जुळला की वीस. 'काम पूर्ण झाल्यावर' असे मोघम शब्द करारात घालू नका. ताळा जुळला हे कोण आणि कोणत्या कागदावर सही करून सांगेल, ते लिहा. दिवाणजींची सही पुरेशी असावी, असे मी मालकाकडून आधीच मान्य करून घेतो. त्यामुळे दिवाणजींचाही कामात मान राहतो आणि नव्या पद्धतीला त्यांच्याकडून अडथळा येत नाही. मालकाने घासाघीस केली तर रक्कम न कमी करता काम कमी करा: टॅलीची जोडणी पुढच्या वर्षी, यंदा केवळ काटा आणि पावती. आपला मामेभाऊ जिथे दिवाणजी आहे, त्या जिनिंगचे काम मात्र पहिले घेऊ नका. काही बिनसले तर त्यांची नोकरी अडचणीत येईल. त्यांच्याकडून धंदा शिकून घ्या, आणि त्यांनाच विचारा की आसपासच्या कोणत्या जिनिंगमध्ये रात्री सर्वांत उशिरापर्यंत दिवे चालू असतात.